ल्युपसमुळे बाधित मूत्रपिंड आणि उपचारांचे पर्याय
ल्युपस या व्याधीत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांना सूज आली की लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पाय सुजतात व रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडाचा सुईने काढलेला बारीक तुकडा तपासून, म्हणजे बायॉप्सी करून, आजार सहा वर्गांपैकी कोणत्या वर्गातला आहे हे ठरवले जाते आणि त्यावर उपचारांची दिशा अवलंबून असते.

तिसऱ्या व चौथ्या वर्गात स्टिरॉइडच्या जोडीला मायकोफेनोलेटच्या गोळ्या किंवा शिरेतून सायक्लोफॉस्फमाइड देतात. सायक्लोफॉस्फमाइडच्या कमी मात्रेच्या पद्धतीत दर 2 आठवड्यांनी 500 मिलिग्रॅमचे असे 6 डोस असतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जवळजवळ सर्वच रुग्णांना दीर्घकाळ दिले जाते, मात्र त्यासाठी डोळ्यांची नियमित तपासणी आवश्यक ठरते. अमेरिकेत या विकारासाठी 2020 मध्ये बेलिमुमॅबला आणि 2021 मध्ये व्होक्लोस्पोरिनला मान्यता मिळाल्याने पर्याय वाढले आहेत. मायकोफेनोलेट गर्भाला घातक असल्याने मूल हवे असलेल्या स्त्रियांना आधीच अ‍ॅझाथायोप्रिनवर आणले जाते.

बरे वाटू लागले तरी उपचार साधारणतः किमान 3 वर्षे चालू ठेवावे लागतात, म्हणून रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये.