नाचऱ्या पावलांचा गुन्हा

सुट्टीत टीव्हीवर कार्टून लागलं की आपण स्वयंपाकघरातून नुसता कान देतो. पण मैत्रिणींनो, 'हॅपी फीट' लागला तर गॅस बारीक करून मुलांशेजारी येऊन बसा. जॉर्ज मिलर यांचा हा २००६ चा ऑस्करविजेता अॅनिमेशनपट. वरून पेंग्विनांची गंमत, आतून मात्र आपल्या गल्लीतलीच गोष्ट!

अंटार्क्टिकाच्या बर्फातली एम्परर पेंग्विनांची वसाहत. इथे प्रत्येकाला स्वतःचं गाणं हवंच, त्यावरच जोडीदार मिळायचा. (खरे एम्पररही जोडीदाराला आवाजावरून ओळखतात.) अशा घरात जन्मतो मम्बल. गळ्यात सूर नाही, पण पाय मात्र ठेक्यावर थिरकणारे. आई नॉर्मा जीनला त्याचं कौतुक. बाबा मेम्फिस मात्र कावराबावरा होतो, पेंग्विनाला हे शोभत नाही म्हणतो. अंडं उबवताना त्याच्याच पायांवरून निसटलेलं, तो सल मनात!

आता सांगा, नाचण्यात वाईट काय? काहीच नाही. हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये 'आउटसायडर्स' या पुस्तकात हेच मांडलं. वागणं मुळात वावगं नसतं. समूह नियम करतो, तो मोडणाऱ्यावर शिक्का मारतो आणि मग तो माणूस 'वावगा' ठरतो.

याचा पुरावा सिनेमातच आहे. भटकताना मम्बलला रमोन आणि त्याचे मित्र भेटतात. ते अॅडेली जातीचे, बुटके आणि गप्पिष्ट. त्यांना मम्बलचा नाच भलताच आवडतो. पाय तेच, नाच तोच. बदलला तो फक्त समूह. एकीकडे कलंक, दुसरीकडे कौतुक!

पुढे मासे कमी होतात. पोटं खपाटीला जातात. म्हातारा पुढारी नोआ ठरवतो, या पोराच्या थेरांमुळेच हे संकट आलं. बाबाही विनवतो, 'बदल रे बाळा.' मम्बलला ते जमत नाही आणि त्याला वसाहतीतून हाकलतात. फ्रेंच विचारवंत एमिल दुर्खिम यांनी १८९३ मध्येच लिहून ठेवलंय, की शिक्षेने गुन्हेगार सुधारो न सुधारो, शिक्षा देणाऱ्यांची एकी मात्र पक्की होते. संकटात तर अशी एकी हवीहवीशी वाटते. घरात काही बिनसलं की 'नवी सून आल्यापासून' म्हणणारी मंडळी आपण पाहतोच की!

मासे पळवत होती माणसांची जहाजं. ते शोधून काढतो हाच हाकललेला मम्बल. समूहाच्या चौकटीत बसलेल्यांना चौकटीबाहेर बघायची गरजच वाटली नव्हती. शेवटी सगळी वसाहत त्याच्यासारखी नाचते, तो नाच माणसांना दिसतो आणि मासेमारी थांबते.

शेवट गोड आहे, पण मला तिथेच थोडं खटकतं. मम्बल उपयोगी पडला म्हणून आपलासा झाला. न पडता तर? आपल्याकडेही कमी बोलणारी मुलगी, स्वयंपाकात रमणारा मुलगा, लग्न न केलेली आत्या यांना आधी काहीतरी 'करून दाखवावं' लागतं. बक्षीस मिळालं की तीच माणसं म्हणतात, 'आम्हाला ठाऊकच होतं!'

म्हणूनच या सिनेमात मला सगळ्यात मोठी वाटते ती नॉर्मा जीन. पोराचे पाय वसाहतीला वाचवतील, हे तिला कुठे माहीत होतं? तरी तिला ते पहिल्यापासून गोड वाटले. मेम्फिस वाईट नाही, तो लोकांना घाबरतो. आपणही पुष्कळदा मेम्फिसच असतो. 'लोक काय म्हणतील' हे लोकांच्या आधी आपणच मुलांना ऐकवतो.

तेव्हा सिनेमा संपल्यावर मुलांना एवढंच विचारा, 'तुमच्या वर्गातला मम्बल कोण?' उत्तर येईलच. मग त्याला एकदा घरी खेळायला बोलवा.