माळरानाला वाली कोण?

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणारी गाडी घाटनांदूर सोडते, तेव्हा खिडकीशी बसलेल्या माणसाला बाहेर काय दिसले ते विचारावे. 'काही नाही हो, नुसता माळ,' हेच उत्तर बहुधा मिळते. बालाघाटच्या पठारावर, अंबाजोगाई तालुक्यातले हे गाव. इथल्या काळ्या रानाचे कौतुक सगळ्यांना. पण जिथे मुरूम वर आला आहे, नांगराचा फाळ दगडाला लागतो, ती जमीन आपल्या लेखी पडीक. या 'पडीक' शब्दाने जेवढे नुकसान केले, तेवढे दुष्काळानेही केले नसेल, असे मला या भागात हिंडताना वाटत आले आहे.

मृगाच्या सरी पडल्या की आठ-पंधरा दिवसांत या मुरमावर हिरवी लव दिसू लागते. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी एकेक गवते वर येतात. दिवाळीपर्यंत सारा माळ सोनेरी होतो. कुसळीच्या बीला पीळदार शेपटी असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो आणि या उलटसुलट फिरण्यात बी गिरमिटासारखे मातीत शिरते. आपल्या धोतरात, साडीत रुतणारे कुसळ म्हणजे खरे तर चुकलेली पेरणी! उतारावरची माती धरून ठेवायची आणि पाणी जिरवायचे काम ही गवतेच करतात. मधूनच तरवडाची पिवळी झुडपे, एखादी बोर, एखादा हिवर. एवढीच सावली या भूमीला मानवते.

चंडोल, धाविक, पखुर्डी हे पक्षी या गवताच्या आडोशाला थेट जमिनीवर अंडी घालतात. खोकड बिळात राहते. लांडगा मेंढरांच्या मागावर असतो. थंडीत कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशातून भोवत्या ससाणे येतात, दिवसभर नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच निजतात. एवढा संसार जिथे चालतो, ती जागा ओसाड कशी?

या संसारातला कर्ता पुरुष म्हणजे माळढोक. जवळजवळ मीटरभर उंच. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. सलीम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याच्यासाठी आग्रह धरला होता. १९६३ साली मान मिळाला मोराला. आपल्या बीड जिल्ह्यातही पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य झाले. माळढोकासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली जे अभयारण्य जाहीर झाले, त्याचा विस्तार थक्क करणारा होता : सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, लोकांच्या मालकीची शेते आली. जमिनीचे व्यवहार अडू लागले आणि पक्ष्याचे नाव काढले की गावकरी कपाळाला आठ्या घालू लागले. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण तोवर नान्नजच्या माळावर पक्षीच उरला नव्हता म्हणावे अशी गत झाली होती. आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. विजेच्या तारा हा त्याचा आणखी एक काळ. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही आणि जड अंगामुळे झटकन वळताही येत नाही.

सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या पश्चिम भागातही असाच एक माळ आहे. 'सेजब्रश' नावाच्या करड्या, उग्र वासाच्या झुडपांचा. तिथला सेज ग्राऊज हा पक्षी आपल्या माळढोकासारखाच विणीच्या काळात ठरलेल्या जागी छाती फुगवून नाचतो. तोही असाच घटत चालला. पण २०१५ साली तिथल्या सरकारने त्याला संकटग्रस्तांच्या यादीत न घालण्याचे ठरवले. कारण यादीचा बडगा येण्याआधीच राज्ये आणि गुरे राखणारे मालक अधिवास वाचवण्याच्या कामाला लागले होते. तो पक्षी अजून सुखरूप झाला असे नाही; पण गुराख्याला शत्रू न मानता माळ राखता येतो, एवढे त्यातून घेण्याजोगे आहे.

आपण मात्र माळाचे भले करायचे म्हणजे झाडे लावायची, असे धरून चाललो. नान्नजच्या परिसरातही गिरीपुष्पाची लागवड झाली होती. दाट झाडी आली की गवत खुरटते, मोकळ्या जागी लांबवर नजर ठेवणारा पक्षी तिथे थांबत नाही. घाटनांदूरच्या शिवारात एका म्हाताऱ्या धनगराशी बोलत बसलो होतो. 'झाडं लावा म्हणत्यात सगळे,' तो म्हणाला, 'सावली चांगलीच की. पन बाबा, मेंढरू सावली खातंय व्हय?'

त्याच्या प्रश्नात आपली सगळी अर्थव्यवस्था आली. मराठवाड्याची देवणी गाय, लाल कंधारी, उस्मानाबादी शेळी ही जनावरे याच चाऱ्यावर घडली. दुसरी बाजूही आहे. हरणांचे कळप ज्वारी-हरभऱ्यात शिरतात, तेव्हा रात्र जागून काढणाऱ्या शेतकऱ्याला निसर्गप्रेम शिकवायला जाऊ नये. भूमिहीन माणसाने पोटासाठी गायरान नांगरले, तर त्यालाही चोर म्हणता येत नाही. म्हणून कुंपण घालून भागणार नाही. पिकाची भरपाई वेळेवर हवी, चराई आलटून पालटून हवी, आणि विणीच्या काळात काही तुकडे मोकळे सोडायला गावाने आपण होऊन राजी व्हायला हवे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचे आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले आहे. अशी वर्षे येतात आणि जातात. आपल्या ग्रामसभेने मात्र एक काम करावे. गावाच्या नकाशावर 'पडीक' लिहिले आहे, तिथे 'माळरान' लिहून घ्यावे. खोड घातलेला बैल विकायला बाजारात न्यावा, तशी ही जमीन मग कुणाला सहजी देऊन टाकता येणार नाही. आणि नवा कारखाना किंवा नवी लागवड या माळावर येण्याआधी निदान एकजण तरी उठून विचारील, की इथे आधीपासून कोण राहते?