गवताच्या छपराखाली सहाशे वर्षे

गवताचे घर म्हटले की आपल्याला चार पावसाळ्यांचे खोपट आठवते. पण इंग्लंडच्या दक्षिणेस, ससेक्स परगण्यातल्या आल्फ्रिस्टन खेड्यात, गवती छपराचे एक घर सुमारे सहाशे वर्षे उभे आहे. चर्चशेजारचे हे घर पाद्रीबुवांच्या वहिवाटीत होते; म्हणून त्याला ‘क्लर्जी हाऊस’ म्हणतात.

ते टिकले कसे? आधी ओक लाकडाचा सांगाडा उभा केला. खांबांच्या मधल्या जागेत काटक्यांचा कूड घालून वर माती लिंपली. आपल्याकडचा कारवीचा कूडच म्हणा ना! भार सारा लाकडावर. भिंत नुसती आडोशाला.

मधोमध थेट आढ्यापर्यंत मोकळे, उंच दालन. अशा दालनात धुराडे नसे. मध्यभागी भुईवरच विस्तव पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. भुई खडूच्या मऊ पांढऱ्या दगडाची, ठोकून केलेली. आपण शेणाने सारवतो. तिथे आंबलेले दूध वापरून ती घट्ट केली आहे.

आता छप्पर पहा. त्याचा उतार चांगला उभा असतो. पावसाचे पाणी काडीवरून काडीवर झरझर उतरते, आत मुरायला त्याला सवडच मिळत नाही. उतार मंद असता तर पाणी रेंगाळून गवत कुजले असते. वळचणही भिंतीपुढे बरीच काढतात. कारण माती भिजली की ढासळते आणि सतत ओला राहिलेला ओकसुद्धा कुजतो. म्हणून वेळेवर शाकारणी झाली, तरच घर राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हयगय झाली आणि हे घर पडायला आले. पाडून टाकण्याचेही घाटत होते. गावचे धर्मोपदेशक बेनन यांनी ते वाचवण्यासाठी खटपट केली. शेवटी १८९५ साली निघालेल्या ‘नॅशनल ट्रस्ट’ने १८९६ साली ते अवघ्या १० पौंडांना घेतले. या संस्थेने विकत घेतलेली ही पहिली इमारत. दुरुस्तीला मात्र त्याहून कितीतरी अधिक पैसा लागला. संस्थेच्या एक संस्थापक ऑक्टेव्हिया हिल यांनी त्यासाठी झटून वर्गणी मागितली.

गुरुजी, आपल्या गावात शाकारलेले एखादे घर उरले असेल, तर मुलांना तिथे न्या. उतार आणि वळचण मोजू द्या. शाकारणारे आजोबा असतील, तर गवत कोणते, ते कधी कापावे, पेंढी कशी बांधावी, हे त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्या. घराला नवे लाकूड मिळेल. पण ही माहिती त्यांच्या हयातीतच मिळायची.