सावली कोणत्या वॉर्डाची?

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि दोनच वर्षांत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीत हवा खेळत नाही आणि त्यामुळे माणसं दगावतात, हे सरकारने धसक्याने का होईना मान्य केलं. त्यातूनच दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती आल्या. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सच्या आसपास मे महिन्यातल्या भर दुपारीही झाडांच्या सावलीतून बिनधास्त चालता येतं. तिथून गोवंडी दहा किलोमीटरच्या आत. तिथल्या गल्लीत दोघं समोरासमोर आले तर एकाला अंग चोरावं लागतं. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, म्हणून नाल्याकडेला एखादा करंज असेल तर सगळे त्याच्या बुंध्याशी.

शहरात झाडी नाही असं कसं म्हणावं? संजय गांधी उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे. पण झाड पानांतून पाणी सोडून हवा थोडी निववतं, आणि मुंबईच्या दमट हवेत त्याचा फायदा आणखी कमी. इथे खरं काम सावलीचं, आणि सावली डोक्यावरच हवी. बोरिवलीतलं झाड मानखुर्दच्या भाजीवाल्या मावशींच्या काय कामाचं?

झाडांसाठीचा 1975 चा राज्य कायदा 2021 मध्ये सुधारला. पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा ठरलं. तोडलेल्या झाडाचं वय जेवढं, तेवढी रोपं लावायची, असा नियम आला. हिशेब झकास, पण रोपं प्रत्यक्षात जागा मिळेल तिथे जातात. ज्यांची सावली गेली, त्यांना ती परत मिळेलच असं नाही.

मियावाकी पद्धतीच्या दाट लागवडीचं कौतुक मला बेतानेच वाटतं. कुंपणातली ती गच्च झाडी पाखरांना बरी, पण तिच्याखाली बसणार कोण? गोवंडीला बस थांब्यावर, शाळेच्या पटांगणात, दवाखान्याच्या रांगेवर पसरणारी झाडं हवीत: करंज, कडुलिंब, ताम्हण. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा, असं हरित लवादाने 2013 मध्येच सांगितलंय. तरी पेव्हर ब्लॉक खोडाला भिडलेले दिसतातच.

तोडीची परवानगी देतानाच वृक्ष प्राधिकरणाने दोन अटी घालाव्यात: बदली झाडं त्याच वॉर्डात, आणि पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचे पैसे आगाऊ. पाणी घालायची रोजंदारी वस्तीतल्याच बायकांना मिळाली, तर रोप वाळल्याची खबर पहिल्याच आठवड्यात लागेल.