भाकड पौष आणि एक उबदार खोली

पंचांगातील बारा महिन्यांत पौषाच्या वाट्याला मान थोडाच आला. या महिन्यात लग्नाचे मुहूर्त धरीत नाहीत, मुंजीचा मांडव पडत नाही. दूध आटलेल्या गाईला लावावे ते ‘भाकड’ हे विशेषण आपल्या वाडवडिलांनी या महिन्यालाच लावून टाकले. आपले हिंदीभाषक शेजारीही धनुसंक्रांतीपासून मकरसंक्रांतीपर्यंतच्या काळाला ‘खरमास’ म्हणतात आणि शुभकार्ये पुढे ढकलतात. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून त्यांचा पौष आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. भिंतीवर दोन्ही पंचांगे टांगणाऱ्या आमच्या ग्वाल्हेरच्या घरांतून हा भाकडपणा त्यामुळे अंमळ लांबतोच.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर शहर झाले. तेव्हापासून दोन शतकांहून अधिक काळ आम्ही येथला उन्हाळाही सोसला आणि हिवाळाही. कोकणातील किंवा पुण्यातील आप्तांना ही थंडी सांगून कळत नाही. डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम साडेदहा तासांचा उरतो. पश्चिमेकडून आलेले ढग पाऊस शिंपडून पुढे सरकले, आकाश निवळले आणि वारा पडला, की ओली जमीन रात्रभर आपली ऊब आकाशात सोडून देते. पहाटे जमिनीलगतच्या बाष्पाचे धुके होते आणि समोरचा दिव्याचा खांबही दिसेनासा होतो. दिल्लीकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, शाळांना सुटी मिळते, वृद्ध मंडळी उन्हाच्या कवडशाची वाट पाहत बसतात. अशा दिवसांत मनावरही मळभ येते. काही करू नये, कोठे जाऊ नये, पांघरुणातून बाहेरच पडू नये, असे वाटू लागते.

या मरगळीवर आमच्या आजीच्या पिढीजवळ एक साधा उपाय होता. घरातील एकच खोली उबदार ठेवावयाची आणि सर्वांनी तेथे बसावयाचे. इंधन वाचावे एवढाच त्यात हेतू असेल. परंतु आजोबा, सून, नातू आणि पाहुणा एका खोलीत आले की बोलणे आपोआप होई, आणि ते मराठीत होई. आज प्रत्येक खोलीत निराळा हीटर आहे, प्रत्येक रजईखाली निराळा मोबाइल उजळलेला आहे. नातवंडांना मराठी कळते, पण उत्तर हिंदीत येते. त्यांना मराठी ‘शिकवावी’ म्हणून पुस्तके आणली जातात, ती कपाटात राहतात. आमच्या मते भाषा धड्यांनी टिकत नाही, ती हाताच्या कामाबरोबर टिकते. गोधडी घरातून गेली की ‘धावदोरा’ हा शब्दही तिच्यामागून जातो. हलवा बाजारातून आला की ‘काटा येणे’ म्हणजे काय हे मुलांना कळण्याचे कारण उरत नाही. म्हणून या भाकड दिवसांत एक खोली, काही कामे आणि घरातील सर्व माणसे एकत्र आणावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

प्रथम त्या खोलीविषयी. कोळशाची शेगडी ज्यांच्या घरी अजून पेटते त्यांनी एक गोष्ट कदापि विसरू नये. बंद खोलीत धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे; पण झोपलेल्या माणसाला ती कळतच नाहीत. तेव्हा शेगडीजवळ बसताना खिडकी थोडी उघडी ठेवावी, आणि निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर न्यावी, मग कितीही थंडी असो. विजेच्या हीटरपासूनही रजई आणि पडदे दोन-तीन हात दूर असावेत.

आता कामे. पहिले काम गोधडीचे. जुनी मऊ सुती लुगडी, धोतरे, साड्या यांचे तीन-चार थर सपाट पसरावेत, वर चांगल्या अंगाची साडी घ्यावी, आणि काठापासून आरंभ करून चौकोनात आत आत धावदोरा घालीत जावे. गोधडीची ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकून राहिलेल्या निवांत हवेत असते. ती हवा आतली उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. हे नातवाला शाळेच्या विज्ञानात येतेच, येथे ते त्याच्या मांडीवर पसरलेले असते. त्याच्याकडे सुईत दोरा ओवण्याचे काम द्यावे, कारण आजीचे डोळे आता तेवढे साथ देत नाहीत. ही साडी कोणाची, कोणत्या लग्नात घेतली, हे तो स्वतःहूनच विचारतो. एक गोधडी पुरी व्हायला हिवाळा जातो. म्हणजेच हिवाळाभर गोष्टी पुरतात.

दुसरे काम संक्रांतीच्या हलव्याचे. हे खरोखर थंडीचेच काम. दोन चमचे तीळ परातीत घेऊन परात अगदी मंद आचेवर ठेवावी. एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी घालून उकळावे, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढावी आणि पाक चिकट ठेवावा. मग अर्धा अर्धा चमचा पाक तिळांवर सोडून तो कोरडा होईपर्यंत बोटांनी तीळ हलवीत राहावे, पुन्हा पाक, पुन्हा हलविणे. घाई केली तर तीळ एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते. काटा एका बैठकीत येत नाही, तीन-चार दिवस रोज तास-दोन तास द्यावे लागतात. हवा कोरडी आणि थंड असली की काटा सुरेख फुटतो. एकट्या माणसाची बोटे थकतात, म्हणून पाळीपाळीने बसावे लागते. परात तापलेली असल्याने लहान मुलांना थोडे दूर बसवून पाकाचे चमचे मोजण्याचे काम द्यावे. त्या हलव्याचे दागिने नव्या सुनेच्या अंगावर चढतात, बाळाच्या बोरनहाणात बोरे, उसाचे करवे आणि कुरमुऱ्यांबरोबर तोच हलवा त्याच्या डोक्यावरून ओतला जातो. ज्या मुलाने पाकाचे चमचे मोजले, त्याला हा सण पुढे कोणी समजावून सांगावा लागत नाही.

सोलण्या-निवडण्याची कामेही या दिवसांत मुबलक. मटाराचे ढीग, हरभऱ्याचे सोलाणे, भोगीच्या मिसळीच्या भाजीसाठी घेवडा आणि वांगी, बाजरीच्या भाकरीवर लावावयाचे तीळ, डिंकाच्या लाडवांचे खोबरे. शेजारच्या मुरैन्याची गजक आपण आवडीने आणतो. २०२३ साली तिला भौगोलिक निर्देशनाचा मानही मिळाला. गजक कुटतात आणि तिळगूळ वळतात. ही दोन क्रियापदे मुलांच्या कानी एकाच संध्याकाळी पडावीत, म्हणजे दोन्ही संस्कृती त्यांना आपल्या वाटतील.

तिसरे काम वाचनाचे, पण मोठ्याने. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन येथल्या मुलांना एक सोय आहे. शाळेतील हिंदीमुळे देवनागरी त्यांना येतेच. अडते ते ‘ळ’शी आणि ‘च’, ‘ज’ यांच्या दोन उच्चारांशी, आणि ही अडचण डोळ्यांनी नव्हे, कानांनी सुटते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ रात्रींत विभागलेली आहे आणि त्या रात्री बेचाळीस आहेत. १ डिसेंबरला पहिली रात्र वाचली तर ११ जानेवारीला शेवटची होते, आणि मग लगेच भोगी येते. आजोबांनी वाचावे, सुईदोरा चालू असावा. आठवडाभराने शेवटचा परिच्छेद नातवाकडे द्यावा. उच्चार चुकला तर हसू नये. एकदा हसल्यावर मूल पुन्हा तोंड उघडीत नाही, असा अनुभव अनेक घरांतून ऐकू येतो. वाचनाचा कंटाळा आला तर गाण्याच्या भेंड्या आहेत, सारीपाट आहे, पत्ते आहेत.

चौथे काम दप्तराचे, आणि ते सर्वांत तातडीचे. प्रत्येक जुन्या घरात एक ट्रंक असते. तीत लग्नपत्रिका, छायाचित्रे, कुळाची वंशावळ, कोठे मोडीतील एखादा कागद. मोडीचा नित्य वापर विसाव्या शतकाच्या मध्यास थांबला, ती वाचणारी माणसे आता थोडी. पण छायाचित्रांतील चेहरे ओळखणारी माणसे त्याहूनही थोडी उरली आहेत आणि ती आपल्याच घरात, रजईत बसलेली आहेत. प्रत्येक छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. एक वही घालून आजोबांना रोज एकच प्रश्न विचारावा. आपण कोणत्या गावाहून आलो? पहिले कोण आले? कोणत्या चाकरीवर? उत्तर त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून घ्यावे. पुढल्या हिवाळ्यात हा प्रश्न विचारता येईलच, असे कोणी धरून चालू नये.

यांतले सगळेच करावे असा आमचा आग्रह नाही. बडोद्याची थंडी सौम्य आहे, गोव्यात तर शालीचेही काम पडत नाही. तेथील वाचकांनी आपापल्या सवडीचे दिवस निवडावेत. इंदूरकरांनी गराडू तळता तळता वही उघडली तरी चालेल. एवढे मात्र खरे, की मराठी बोलण्यासाठी महाराष्ट्राबाहेरच्या बऱ्याच घरांना आता शाळा उरली नाही, बाजार उरला नाही, कचेरी तर कधीच गेली. उरली आहे ती एक खोली आणि तीत एकमेकांजवळ बसलेली माणसे. मुहूर्त नसलेल्या या महिन्यात आमंत्रणे कमी, जाणे-येणे कमी, म्हणून वेळ तेवढा भरपूर. तो वेळ संपला की रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांची धावपळ, आणि मग परीक्षा.

तेव्हा आज रात्री दुसऱ्या खोलीतले हीटर बंद करावे, सर्वांना एकाच खोलीत बोलवावे आणि आजीच्या हातात सुई द्यावी. दोरा ओवायला कोणीतरी पुढे येईलच.