बेल्ट ताणला, पण शोध लागला का?

एका वर्षात एक लाखाहून अधिक पेटंट, ही बातमी मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी वाचली. १५ मार्च २०२३ ते १४ मार्च २०२४ या काळातला तो आकडा. त्याच सुमारास पेटंटचे सुधारित नियम लागू झाले आणि त्यानंतर २६ एप्रिलला जागतिक बौद्धिक संपदा दिनही साजरा झाला. आकडा अभिमान वाटावा असाच आहे. पण यंत्रातला एखादा बदल ‘शोध’ कधी ठरतो आणि कारागिरीतली सुधारणा कधी, हे त्या आकड्यावरून कळत नाही. औषधं आणि सॉफ्टवेअरच्या पेटंटवर बरंच लिहिलं जातं. मी इथे मुद्दाम एक साधी वस्तू घेतो: कन्व्हेअरचा बेल्ट ताणून धरणारा टेक-अप, म्हणजेच टेन्शनर. आणि ती तपासायला खारबावच्या पंचक्रोशीइतकी चांगली जागा दुसरी सापडणार नाही.

चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्यावरचं आणि वसई-दिवा रेल्वेमार्गावरचं हे गाव. सगळ्या भिवंडी तालुक्याची ओळख यंत्रमागाची. गेल्या काही दशकांत पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, माणकोली या पट्ट्यात गोदामांची रांग उभी राहिली. पार्सलं वेगळी करणारे कन्व्हेअर आले. ठाणे जिल्ह्यातल्या खडी क्रशरवर तर ते आधीपासूनच होते. माग, गोदाम आणि क्रशर ही तीन वेगळी जगं असली तरी तिथल्या फिटरसमोरचा एक प्रश्न सारखाच असतो. ताण किती ठेवायचा आणि तो टिकवायचा कसा?

ताणाचं गणित

बेल्ट ड्रमवर फिरतो तो केवळ घर्षणाच्या जोरावर. ड्रमच्या ओढत्या बाजूला ताण जास्त आणि सैल बाजूला कमी. या दोन ताणांचं गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेलं की बेल्ट घसरतो. ही मर्यादा घर्षणावर आणि बेल्ट ड्रमला किती अंशांत विळखा घालतो यावर ठरते. ऑयलर आणि आयटेलवाइन या दोघांच्या नावाने ओळखलं जाणारं हे सूत्र दोन शतकं जुनं आहे.

एक हिशेब मांडून पाहू. बेल्टला ३०० किलोची ओढ हवी आहे आणि विळखा १८० अंशांचा आहे. उघड्या लोखंडी ड्रमवर घर्षणांक साधारण ०.२५ धरतात, म्हणजे गुणोत्तर येतं सुमारे २.२. मग सैल बाजूला किमान २५० किलोचा ताण ठेवावा लागतो आणि ओढत्या बाजूचा ताण ५५० वर जातो. त्याच ड्रमवर रबराचं लॅगिंग चढवलं की घर्षणांक ०.३५ धरता येतो आणि गुणोत्तर तीनवर जातं. आता सैल बाजूला १५० किलो पुरतात आणि ओढत्या बाजूला ४५०. बेल्टवरचा शंभर किलोंचा भार एका रबराच्या थराने उतरला.

ताण कमी पडला तर बेल्ट घसरतो, ड्रम तापतो, दोन रोलरच्या मध्ये बेल्टला झोळ पडतो आणि माल सांडतो. जास्त झाला तर जॉइंट उसवतो, बेअरिंग बसतं, शाफ्ट वाकतो. शिवाय नवा बेल्ट काही दिवसांत लांबतो, माल चढला की आणखी लांबतो. म्हणून टेक-अप. आखूड कन्व्हेअरला शेपटाकडच्या ड्रमवर दोन बाजूंना दोन स्क्रू. लांब कन्व्हेअरला बेल्टच्या घडीत लोंबणारा ड्रम आणि त्याला वजन. इथला हिशेब सोपा आहे, वजनाचा निम्मा-निम्मा ताण दोन्ही पदरांवर येतो. त्याहून मोठ्या कामाला विंच किंवा हायड्रॉलिक सिलिंडर. बेल्ट कन्व्हेअरची निवड आणि आखणी कशी करावी याचं भारतीय मानक आहे, आयएस ११५९२. हे सगळं त्याच्या चौकटीत येतं.

आता यंत्रमागाकडे या. साध्या मागावर ताण्याचा बीम मागे असतो. त्याच्या कडेला साखळीचे वेढे, साखळीचं टोक एका दांड्याला आणि दांड्यावर वजन. साखळीच्या घर्षणाने बीम अडतो आणि ताणा ताठ राहतो. बीमवरचं सूत संपत आलं की बीमचा व्यास कमी होतो आणि त्याच वजनाने ताण वाढू लागतो. मग कामगार वजन दांड्यावर टेकूच्या दिशेने सरकवतो. ऑयलरचं नाव न ऐकलेल्या माणसाने त्याचं गणित इथे हाताने सोडवलेलं असतं, आणि तेही दर बीमला.

पेटंटच्या चर्चेत नेमका हाच माणूस नसतो, असं मला वाटतं. त्यामुळे नुकसान दोन्ही बाजूंनी होतं.

मिर्झापूरची भांडी

भारतात यंत्राच्या पेटंटचा विचार एका खटल्यापाशी आल्याशिवाय पुढे जात नाही. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या कारखान्याने १९५१ मध्ये एक पेटंट घेतलं. पितळी भांडी लेथवर फिरवून खरवडताना आणि पॉलिश करताना ती पकडून ठेवायची रचना, असा विषय. जुन्या पद्धतीत भांडं लेथच्या एकाच टोकाला चिकटवलेलं किंवा चकमध्ये धरलेलं असे आणि काम चालू असताना ते उडे. कामगाराच्या जिवाला धोका होता. नव्या रचनेत समोरच्या बाजूने टेलस्टॉकचा दाब देऊन भांडं दोन्हीकडून पक्कं धरलं. त्याच गावच्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दुसऱ्या कारखान्याशी वाद झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केलं, खंडपीठाने ते पुन्हा उभं केलं आणि डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अखेर रद्द ठरवलं. त्या काळी पेटंटची मुदत १६ वर्षांची होती. निकाल २७ वर्षांनी लागला.

न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिलेला हा निकाल प्रत्येक वर्कशॉपमालकाने समजून घ्यावा असा आहे. रचना उपयोगी होती आणि तिने धोका कमी केला, पण तेवढ्याने ती शोध ठरत नाही. टेलस्टॉक जुना, स्पिंडल जुना आणि दोन्हींचं काम तेच जुनं. माहीत असलेल्या गोष्टींची जुळणी वर्कशॉपमधल्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा अधिक काही असली पाहिजे. आणि हे ठरवायचं कोणाच्या नजरेतून? न्यायालयाने मापदंड घेतला तो जाणत्या कारागिराचा किंवा अभियंत्याचा. नुसत्या हातकामाच्या माणसाचा नाही. या जाणकाराला त्या दिवसापर्यंतचं सगळं सामान्य ज्ञान आहे, अडचण ठाऊक आहे, पण नवा उपाय पाहिलेला नाही. त्याच्या हाती जुने कागद दिले तर ‘मला हवं ते हेच’ असं तो म्हणेल का? म्हणत असेल, तर शोध नाही.

पुढे २००२ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी हा विचार कायद्याच्या व्याख्येत आला. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही. शिवाय जाणकाराला ते उघड वाटता कामा नये. कलम ३ (एफ) आणखी स्पष्ट आहे. ओळखीच्या साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, ज्यात प्रत्येक साधन आपापलं जुनं काम स्वतंत्रपणे करतं, ती शोध नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने २००२ मध्ये दोन स्पार्क प्लगच्या लहान इंजिनासाठी पेटंट मागितलं आणि पुढे टीव्हीएसशी मद्रास उच्च न्यायालयात झुंज दिली. दोन प्लग जगात जुनेच होते. पातळ मिश्रणावर चालणाऱ्या छोट्या इंजिनात ते बसवण्याने नवं काही घडलं का, हा वाद होता. २००८ मध्ये एका न्यायमूर्तींनी टीव्हीएसला मनाई केली, २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. वर्षानुवर्षं लढून २०१९ मध्ये दोघांनी तडजोड केली. मोठ्या कंपन्यांना जे पेललं, ते दहा कामगारांच्या वर्कशॉपला पेलणार नाही.

तीन टेन्शनर, तीन उत्तरं

ही कसोटी टेक-अपला लावून पाहू. एकाने स्क्रूमागे स्प्रिंग बसवली आणि ताण दाखवणारा काटा लावला. स्क्रू सरकवतो, स्प्रिंग धक्का झेलते, काटा वाचन देतो. तिघं आपापलं जुनं काम करताहेत. उपयोगी वस्तू आहे, जरूर विकावी. पेटंट मिळण्याची आशा धरू नये.

दुसऱ्याने मागावरचा सरकत्या वजनाचा दांडा कन्व्हेअरला लावला. क्षेत्र बदललं म्हणून हे नवं म्हणावं का? माग आणि कन्व्हेअर दोन्हींत अडचण ताणाचीच आहे आणि भिवंडीचा फिटर दोन्हींवर हात चालवतो. त्याला हे सहज सुचेल. मी तपासनीस असतो तर नकार दिला असता.

तिसऱ्याची गोष्ट वेगळी. दोन स्क्रू कमीजास्त फिरले की बेल्ट एका बाजूला पळतो, ही रोजची डोकेदुखी. समजा त्याने दोन्ही बाजू अशा जोडल्या की बेल्ट ज्या बाजूला पळतो तिथला ताण त्या पळण्याच्याच जोरावर बदलतो आणि बेल्ट मध्यावर येतो, आणि हे सगळं गार्ड न उघडता, चालत्या यंत्रात हात न घालता. इथे भाग एकमेकांवर काम करतात आणि बेरजेपेक्षा जास्तीचं काही घडतं. जगात कुठेही हे आधी छापलं किंवा वापरलं गेलं नसेल, तर हा माणूस पेटंटच्या दारात उभा आहे. जगात आधी काय झालं ते पाहायला दोन वर्गांक उपयोगी आहेत: कन्व्हेअरच्या ताण-रचनांसाठी बी६५जी २३/४४ आणि बेल्ट-ड्राइव्हच्या ताणासाठी एफ१६एच ७/०८. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर भारतीय अर्ज फुकट शोधता येतात आणि युरोपीय कार्यालयाच्या एस्पसनेटवर जगभरचे.

पण तिसऱ्याची अडचण वेगळीच असते. परिणाम झाला हे तो सांगतो, दाखवतो, पण त्याने तो मोजलेला नसतो. आधी बेल्ट किती मिलिमीटर सरकत होता, आता किती? जॉइंट किती महिने टिकत होता, आता किती? हे आकडे नसतील तर तपासनिसासमोर उरतात फक्त स्क्रू आणि दांडे. दुसरी चूक त्याहून महागात पडते. यंत्र जमलं की त्याचा व्हिडिओ मोबाइलवरून सगळीकडे जातो. अर्जाआधी शोध उघड झाला की नवेपण गेलं. सार्वजनिक ठिकाणी केलेल्या वाजवी चाचणीला कलम ३२ एक वर्षाची सूट देतं, पण ती चाचणीपुरतीच. विक्री आणि प्रसिद्धीला तिचा आधार नाही.

आता उलटी बाजू. लाखाच्या घोडदौडीत एखादं पेटंट पहिल्या किंवा दुसऱ्या टेन्शनरलाही मिळून जाऊ शकतं. मग पंधरा वर्षं तीच वस्तू बनवणाऱ्या वर्कशॉपला वकिलाची नोटीस येते. कायदा त्याच्या बाजूने आहे. कलम २५ नुसार अर्जाआधी भारतात उघडपणे माहीत किंवा वापरात असलेल्या वस्तूच्या पेटंटला विरोध करता येतो, आणि कलम ६४ खाली ते रद्दही करून घेता येतं. पण पुरावा कुठे आहे? फिटरचं ज्ञान हातात असतं, कागदावर नसतं. त्यात २०२४ च्या सुधारित नियमांनी मंजुरीआधीच्या विरोधाला पूर्वी नसलेलं शुल्क बसवलं आहे. खोट्या हरकतींना आळा घालायचा, हा हेतू समजतो. पण ज्याचा विरोध खरा आहे अशा छोट्या कारखानदाराच्या वाटेतही तो एक धोंडा आहे. हा बदल मला पटलेला नाही. सरकारने सूक्ष्म उद्योगांना यातून सूट द्यावी. तपासनीस वाढवले, तसा स्थानिक कारागिरीची नोंद ठेवणारा संग्रहही उभारावा. पारंपरिक औषधी ज्ञानासाठी देशाने असा डिजिटल संग्रह २००१ पासून उभा केला, म्हणूनच परदेशी कार्यालयांत चुकीचे दावे अडवता आले. यंत्रमागाच्या आणि वर्कशॉपच्या ज्ञानाला तो मान का मिळू नये?

तोवर वर्कशॉपमधल्या मंडळींना कळकळीने सांगणं एवढंच. एक वही ठेवा. प्रत्येक सुधारणेचं चित्र, तारीख, आधीचं आणि नंतरचं माप तिच्यात लिहा. जुनी बिलं, चलनं, ड्रॉइंग फेकू नका. खरा शोध असेल तर ही वही तुमच्या अर्जाचा कणा होईल आणि दुसऱ्याचा खोटा दावा आला तर हीच तुमची ढाल. यंत्र कुणाला दाखवण्याआधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करा, पूर्ण तपशिलाला त्यानंतर १२ महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे आणि तपासणीच्या विनंतीचं ४,०००. मसुदा लिहून देणाऱ्या एजंटाचे पैसे वेगळे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनाकडे जातात, आणि मंजूर झालेलं पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं.