नदीकडची खोली

मार्च संपत आला की सिल्वासाच्या आमलीतल्या आमच्या यार्नच्या कारखान्यातून दोघांची रवानगी दमणला व्हायची. डाभेलच्या युनिटमध्ये शिल्लक मालाची मोजणी करायची, कार्टन मोजून कागदावर चढवायचे आणि 31 तारखेच्या रात्री आकडा जुळेपर्यंत जागायचं. 1996 ते 2018, मधली तीन वर्षं सोडली तर, हे काम माझ्याकडे होतं. अंतर म्हणाल तर तीसेक किलोमीटर. पण वापीमार्गे बस, पुढे शेअर रिक्षा, आणि मोजणी आटोपेपर्यंत रात्रीचे दहा वाजलेले. त्यामुळे मुक्काम ठरलेला.

नानी दमणला, जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर एक गेस्ट हाउस होतं. धर्मशाळेपेक्षा बरं, हॉटेल म्हणावं असं नाही. पहिल्या वर्षी भाडं अडीचशे रुपये. खाऱ्या वाऱ्यानं खिडकीचे गज असे गंजलेले की हात लावला तर तळवा तांबडा. चादर धुतलेली, पण तिलाही सुकत घातलेल्या बोंबलाचा वास. गरम पाणी बादलीनं मिळे, तेही सकाळी सातच्या आत मागितलं तर. मालक आम्हाला नावानं कधी ओळखत नसे. ‘आवो, सेलवासवाळा!’ एवढंच. रजिस्टरात गावाच्या रकान्यात मी हट्टानं ‘आमली’ लिहायचो आणि तो शेजारी गुजरातीत ‘सेलवास’ लिहायचा. त्याच्या हिशेबी दोन्ही एकच.

मी नेहमी नदीकडची खोली मागे. समोर दमणगंगेचं मुख, पलीकडे मोटी दमणच्या किल्ल्याची काळी भिंत. एका वर्षी नाशिकचा एक सहकारी बरोबर होता. ओहोटीच्या वेळी तो खिडकीपाशी गेला आणि गाळात कलंडलेल्या मासेमारीच्या होड्या बघून म्हणाला, ‘हेच का ते बंदर?’ हेच ते. पोर्तुगीजांनी 1559 साली घेतलेलं. पलीकडच्या किल्ल्यातलं बॉम जीझस चर्च 1603 चं. इथं जहाजं बांधली जात आणि त्यांना सागवान जाई ते आमच्या नगर हवेलीच्या जंगलातून. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू कंपनी सरकारला चुकवून सिंधमार्गे दमणला यायची आणि इथून चीनकडे जायची. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, तो रस्ता बंद झाला आणि बंदराची रया गेली. आता उरला तो गाळ.

त्या सहकाऱ्याला मी आमचं नातंही सांगितलं होतं. 1772 मध्ये मराठ्यांच्या आरमारानं ‘सांताना’ नावाचं पोर्तुगीज जहाज धरलं. त्यानंतर 1779 च्या तहात पेशव्यांनी बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना द्यायचं कबूल केलं आणि 1783 मध्ये नगर हवेलीतली गावं त्यांच्या हवाली झाली. म्हणजे एका जहाजाची भरपाई म्हणून आम्ही दमणच्या पदरात पडलो. ‘फारच स्वस्तात गेलात,’ तो म्हणाला. मला राग आला नाही, कारण हिशेब त्याचाच बरोबर होता.

मालकाकडून मात्र मला एक गोष्ट कळली, जी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं. सुधीर फडके त्या मोहिमेत होते, एवढं आमच्याकडच्या पोरालाही ठाऊक असतं. पोर्तुगालनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. 12 एप्रिल 1960 ला निकाल आला: सैन्य आणि पोलिस भारतीय हद्दीतून नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही. हे सगळं आपण अभिमानानं सांगतो. पण दमण 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीजच राहिलं. मालकाच्या वडिलांची सख्खी बहीण नरोलीला दिलेली. सात वर्षं भावाबहिणीची भेट नाही. आमच्या स्वातंत्र्यानं तिचं माहेर बंद केलं होतं.

गेस्ट हाउस बदलत गेलं ते मार्च-मार्चनं कळायचं. गुजरातेत दारूबंदी, इथं मोकळीक. त्यामुळे शनिवार-रविवारी खोलीला सोन्याचा भाव. एकदा तर आगाऊ पैसे भरलेली माझी खोली शनिवारच्या मंडळींना देऊन मला जिन्याखालच्या पलंगावर झोपवलं. 2004 च्या मार्चमध्ये मालक पुलाविषयीच बोलत होता. आदल्या ऑगस्टच्या 28 तारखेला नानी-मोटी दमण जोडणारा जुना पूल नदीत कोसळला आणि शाळेची मुलं गेली. त्या वर्षी मी नदीकडची खोली घेतली नाही.

मग कधीतरी संगमरवरी फरशी आली, गीझर आला, एसी आला. पैसा मालकाच्या धाकट्या भावाचा. 1961 पूर्वी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टवर दमणचे कितीतरी लोक इंग्लंडात, विशेषतः लेस्टरला गेले. अफूवर चाललेलं बंदर अशा रीतीनं दारूवर, करसवलतीच्या कारखान्यांवर आणि परदेशातून येणाऱ्या पाउंडांवर चालू राहिलं. मला ही तडजोड वाईट वाटत नाही. बंदराचं काम आलेल्याला उतरवून घेण्याचं, आणि ते दमणनं सोडलेलं नाही.

करसवलती सरल्या, 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि आमच्या कारखान्यानं डाभेलचं युनिट बंद केलं. 26 जानेवारी 2020 पासून आम्ही आणि दमण पुन्हा एका प्रदेशात आलो, मुख्यालय दमण. तेव्हा मला जुना तह आठवला आणि हसू आलं.

गेल्या हिवाळ्यात बायकोला घेऊन गेलो. देवका किनाऱ्याच्या साडेपाच किलोमीटरच्या नव्या समुद्रपथावर तिला फार आवडलं. गेस्ट हाउस जेट्टीजवळ जुन्या जागीच आहे, भाडं दोन हजारांच्या वर. गल्ल्यावर मालकाचा नातू. आधार कार्ड बघून त्यानं संगणकावर पत्ता स्वतःच टाइप केला: आमली, सिल्वासा.

जाणार असाल तर शनिवार टाळा, नदीकडची खोली मागा आणि भरतीची वेळ विचारून घ्या. ओहोटीला बोंबलाचा वास येतो.